रिकामे रकाने : आपल्या गावाचा इतिहास आपण कसा लिहायचा?

(मराठवाड्यातील युवक शिबिरात केलेल्या मांडणीचं शब्दांकन)



संयोजकांनी मला दिलेला विषय आहे : 'गावाचा इतिहास आणि गावाची लोकसंख्या'. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअरिंग केलं आणि गेली काही वर्षं पुण्यात डेटाबेसचं काम करतो. मूळ गाव कंधार तालुक्यात. माझ्या नोकरीत दिवसभर तक्ते बघावे लागतात. तक्त्यात काय भरलंय हे कोणीही वाचतं. पण कोणता रकाना रिकामा राहिला आणि का राहिला, हे विचारायची सवय त्या कामामुळे लागते. आज तीच सवय घेऊन गावाकडे बघू.

आत्ताच हे बोलायची तीन कारणं आहेत. पहिलं, पुढची जनगणना २०२७ ची आहे. २०११ नंतर थेट आता, म्हणजे सोळा वर्षांनी, आपल्या दारात प्रगणक येणार आणि या वेळी तो जातही विचारणार. दुसरं, २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द मराठवाड्यातल्या प्रत्येक पारावर पोचला. निजामाच्या काळातली जुनी कागदपत्रं अचानक सगळ्यांच्या कामाची झाली. तिसरं कारण सगळ्यात घाईचं. १९४८ साली जो आठ वर्षांचा होता, तो आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. त्याला विचारायला आपल्याकडे फार वेळ नाही.

कंधार कोणाचं?

कंधारपासून सुरुवात करतो. मोबाईलवर हे नाव टाकलं तर आधी अफगाणिस्तानचं शहर येतं. फारसी लिहिणाऱ्यांनाही हीच अडचण होती. म्हणून मोगलांच्या बखरकारांना आपलं कंधार 'दखनचं' असं वेगळं सांगावं लागायचं.

दहाव्या शतकात राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या नावामागे 'कंधारपुरवराधीश्वर' असं बिरुद लागत होतं. कंधार या श्रेष्ठ नगरीचा स्वामी, असा त्याचा अर्थ. तिथला मोठा तलाव आजही जगत्तुंग समुद्र म्हणून ओळखला जातो. जगत्तुंग हे राष्ट्रकूटांचंच नाव. पुढे तुघलक आले, बहमनी आले, निजामशाही आली. १६३१ मध्ये शाहजहानच्या सरदारानं, नसीरी खानानं, वेढा घालून किल्ला घेतला. त्या वेढ्याचं चित्र शाहजहानच्या 'पादशाहनामा' या हस्तलिखितात आहे आणि ते हस्तलिखित आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात विंडसरला आहे. म्हणजे आपल्या तालुक्याच्या गावाचं चित्र लंडनच्या शेजारी जपून ठेवलंय आणि आपल्या पोरांना ते माहीत नाही. मोगलांनंतर आसफजाही, म्हणजे निजाम. १९४८ मध्ये भारतीय संघराज्य. १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य आणि १९६० मध्ये महाराष्ट्र.

आता गावात हा इतिहास कसा सांगतात बघा. एक जण राष्ट्रकूटांपासून सुरुवात करतो आणि चौदाव्या शतकात येऊन थांबतो. पुढचं सगळं त्याच्यासाठी 'आक्रमण'. दुसरा दर्ग्यापासून सुरुवात करतो आणि त्याच्या आधी जणू इथे कोणी राहतच नव्हतं. दोघंही त्याच तलावाचं पाणी पितात. त्या दहाव्या शतकातल्या तलावाची देखभाल पुढे प्रत्येक राज्यात कोणीतरी केली, गाळ कोणीतरी काढला, बांध कोणीतरी सांभाळला. ती माणसं कोण होती? दोघांच्याही इतिहासात ती नाहीत.

राजांची यादी म्हणजे गावाचा इतिहास नव्हे. गावाचा इतिहास म्हणजे तिथे राहिलेल्या घरांचा हिशेब. जुन्या मराठीत त्याला 'खानेसुमारी' म्हणत. खाना म्हणजे घर आणि शुमार म्हणजे मोजणी. हैदराबाद संस्थानात 'मर्दुमशुमारी' म्हणत, म्हणजे माणसांची मोजणी. माझ्या मते खानेसुमारी हा शब्द जास्त चांगला, कारण घर मोजायचं तर दार वाजवावं लागतं.

कंधारपासून प्रिझरेनपर्यंत

कंधारमध्ये हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा आहे. सय्याह म्हणजे प्रवासी. ते रिफाई सिलसिल्याचे. हा सिलसिला बाराव्या शतकात दक्षिण इराकमध्ये शेख अहमद रिफाई यांच्यापासून सुरू झाला. आपल्याकडे उरुसात गुर्झ घेऊन रातीब करणारे फकीर तुम्ही पाहिले असतील. ते याच परंपरेतले. रिफाईंचा असाच एक तेक्का, म्हणजे खानकाह, युरोपात कोसोव्हो देशात प्रिझरेन शहरात आहे आणि तिथेही रातीब होतो. तिथे येणारे बहुतेक लोक अल्बेनियन.

अल्बेनियन म्हणजे कोण? मदर तेरेसा तुम्हाला माहीत आहेत. त्या अल्बेनियन होत्या, १९१० मध्ये स्कोपये शहरात जन्मलेल्या, धर्मानं कॅथलिक. अल्बेनियन लोकांमध्ये मुसलमान बहुसंख्य आहेत, पण कॅथलिक आहेत आणि ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनही आहेत. त्यांना एकत्र बांधते ती भाषा. घरात अल्बेनियन बोलतो तो अल्बेनियन, मग तो प्रार्थना कुठेही करो. मराठी मुसलमानाला ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही.

स्कोपये आज उत्तर मॅसिडोनियाची राजधानी आहे. त्या देशाच्या पश्चिमेला, टेटोवो आणि गोस्तिवारच्या बाजूला, अशी कितीतरी छोटी गावं आहेत जिथे जवळजवळ सगळी वस्ती अल्बेनियन आहे. अशा एखाद्या गावाची माहिती शोधली तर गंमत वाटते. पंधराव्या शतकातल्या उस्मानी महसुली नोंदींत घरटी कर्त्या माणसांची नावं सापडतात. त्या नोंदवह्यांना 'दफ्तर' म्हणतात. हो, आपलंच दफ्तर. आणि अलीकडच्या जनगणनेत त्याच छोट्या गावात अल्बेनियन किती, मॅसिडोनियन किती, तुर्क किती, हे गाववार छापलेलं असतं. चारशे माणसांचं गाव असलं तरी.

माझ्यासारख्या डेटावाल्याला याचा हेवा वाटतो. पण पुढचं ऐका. २००१ मध्ये तिथे अल्बेनियन बंडखोर आणि सरकार यांच्यात सशस्त्र संघर्ष झाला. १३ ऑगस्ट २००१ रोजी ओह्रिडचा करार झाला आणि एक नियम ठरला : जी भाषा वीस टक्के लोक बोलतात, तिला अधिकृत दर्जा. अल्पसंख्याकांच्या दृष्टीनं हा मोठा विजय होता. त्याच वेळी टक्क्याला प्रचंड किंमत आली. एकोणीस की एकवीस, यावर नगरपालिकेच्या पाटीची भाषा ठरू लागली. मग भांडण सुरू झालं की जर्मनी-स्वित्झर्लंडला कामाला गेलेला मुलगा गावात मोजायचा की नाही. २०११ ची जनगणना मोजणी चालू असताना रद्द झाली. पुढची झाली २०२१ मध्ये. २००२ ते २०२१, म्हणजे एकोणीस वर्षं एका देशाला आपली माणसं किती हे माहीत नव्हतं, कारण प्रत्येकाला आकड्यात आपली जीत किंवा हार दिसत होती.

आकडा लपवला तर माणसं अदृश्य होतात. आकड्यालाच सर्वस्व केलं तर शेजारी हा प्रतिस्पर्धी होऊन बसतो. आपल्याला या दोन्हींच्या मधून वाट काढायची आहे.

आपल्या तक्त्यात काय आहे, काय नाही

आता आपल्या जनगणनेचा तक्ता उघडू. २०११ मध्ये नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाख ६१ हजार आणि लातूरची सुमारे २४ लाख ५४ हजार. मुस्लिम नांदेडमध्ये साधारण १४ टक्के आणि लातूरमध्ये साधारण १५ टक्के. राज्याची सरासरी साडेअकरा टक्के. म्हणजे आपण राज्याच्या सरासरीपेक्षा इथे जास्त आहोत, आणि तरी या दोन्ही जिल्ह्यांत साधारण दर सात माणसांमागे एक इतकेच आहोत. 'आपण खूप आहोत' असं छाती फुगवून सांगणारा आणि 'ते वाढत चाललेत' असं घाबरवणारा, या दोघांनाही हा आकडा आधी दाखवा.

पण गावाच्या पातळीवर उतरला की तक्ता बदलतो. गाववार तक्त्यात कुटुंबं मिळतात, स्त्री-पुरुष मिळतात, सहा वर्षांपर्यंतची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, कामकरी मिळतात. धर्म मिळत नाही. धर्माचे आकडे तालुका आणि शहर इथपर्यंतच छापले जातात. म्हणून कोणी तुम्हाला सांगितलं, 'अमुक गावात आता इतके टक्के मुसलमान झालेत, जनगणनेत आहे', तर विचारा, 'कोणत्या तक्त्यात?' तो तक्ता छापलेलाच नाही. हा प्रश्न विचारायला डिग्री लागत नाही.

दुसरी अडचण सीमांची. माझ्या नानीचं माहेर उदगीरकडचं. ती जन्मली तेव्हा ते गाव हैदराबाद संस्थानातल्या बिदर जिल्ह्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बिदरमधून निघून उस्मानाबाद जिल्ह्यात आले. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा वेगळा झाला आणि गाव लातूरमध्ये गेलं. गाव जागचं हललं नाही, पण त्याचे जिल्हे तीन झाले आणि राज्यंही तीन : हैदराबाद, मुंबई, महाराष्ट्र. नांदेडचंही तसंच. मुधोळ आणि भैंसा तिकडे आंध्रात गेले, किनवट आदिलाबादमधून इकडे आला. त्यामुळे १९५१ आणि १९६१ चे जिल्ह्याचे आकडे शेजारी ठेवून सरळ वजाबाकी केली की उत्तर चुकतं. वजाबाकीत दिसणारी माणसं कुठे गेली नसतात, जिल्ह्याची रेघ सरकलेली असते.

आणि बरेचदा माणसं खरंच गेलेली असतात.

१९४८ चा रकाना

१९४१ मध्ये हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख होती. पुढची जनगणना १९५१ ची. या दोन ओळींच्या मध्ये सप्टेंबर १९४८ आहे. आपल्या घरांत वृद्ध माणसं तारखा सांगत नाहीत. 'पुलिस ॲक्शन के पैले' आणि 'पुलिस ॲक्शन के बाद' एवढंच सांगतात. कोणाचा निकाह पैले झाला, कोणाचा जन्म बादमध्ये. यापुढे विचारलं की त्या गप्प होतात.

याबद्दल बोलताना सुरुवात प्रामाणिक हवी. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आपलाही आहे. निजामाची राजवट लोकांनी निवडलेली नव्हती. कासिम रझवीच्या रझाकारांनी गावंच्या गावं लुटली, माणसं मारली, बायकांवर अत्याचार केले. हा रझवी लातूरचा वकील होता. रझाकारांच्या विरोधात लिहिणारा 'इमरोज'चा संपादक शोएबुल्ला खान मुसलमान होता आणि २२ ऑगस्ट १९४८ ला त्याचा हैदराबादेत खून झाला. हे आपण आधी आणि मोठ्यानं बोललं पाहिजे. 'पण' लावून नाही.

आणि मग पुढचंही बोललं पाहिजे. लष्करी कारवाई १३ सप्टेंबरला सुरू झाली आणि पाच दिवसांत संपली. त्यानंतर गावागावांत जे झालं ते पाहायला भारत सरकारनंच नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये एक मंडळ पाठवलं. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार हे त्यात होते. त्यांचा अंदाज असा की संपूर्ण संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर शहराबद्दल त्यांनी लिहिलं की तिथल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी त्यांना जेमतेम तीन हजार उरलेले दिसले. हजाराहून अधिक मारले गेले होते, बाकीचे जीव घेऊन पळाले होते. हा अहवाल अनेक दशकं प्रसिद्ध झाला नाही.

दहा हजारांतले तीन हजार. जनगणनेच्या तक्त्यात हे 'घट' म्हणून दिसतं. त्यात मेलेला, पळालेला आणि नाव बदलून राहिलेला यांत फरक नसतो. मारणाऱ्यांत रझाकारांनी ज्यांची घरं जाळली होती असे काही असतील, पण मरणाऱ्यांत बहुतेक जण विणकर, पिंजारी, शेतमजूर, ज्यांनी रझाकारांचा गणवेश कधी घातला नव्हता. रझवीला नंतर शिक्षा झाली, सुटका झाली आणि तो पाकिस्तानात गेला. त्याच्या नावाचं बिल गावात राहिलेल्या गरिबांनी भरलं.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपण सांगत नाही. अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमान कुटुंबांना लपवलं, जीव धोक्यात घालून वाचवलं. काही ठिकाणी हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या बाजूनं उभे राहिले. एकाच धंद्यातली, एकाच गल्लीतली माणसं. ज्यांनी मारलं त्यांचा शोध घेऊन आज काही हाती लागणार नाही. ज्यांनी वाचवलं त्यांच्या नातवंडांना मात्र आपण आजही जाऊन भेटू शकतो. आपल्या गावात कोणाच्या कणगीमागे, कोणाच्या माळवदावर आपली माणसं लपली होती, हे घरात विचारा. उत्तर मिळालं तर त्या घरी जा आणि त्यांच्याकडून त्यांची बाजू ऐका. रझाकारांच्या काळात त्या घरानं काय सोसलं तेही ऐका. दोन्ही एकाच वहीत लिहा.

मातृभाषेचा रकाना

जनगणनेत मातृभाषा विचारतात आणि येत असलेल्या आणखी दोन भाषाही विचारतात. आपल्याकडे बहुतेक घरांत मातृभाषेपुढे 'उर्दू' लागतं. कधी आपण सांगतो, कधी नाव ऐकूनच प्रगणक लिहून टाकतो. घरात आपण जे बोलतो ती दखनी. त्यात 'नक्को' आहे, जो मराठीच्या 'नको'पासून आला. त्यात 'हौ' आहे, 'कायकू' आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांचं शिक्षण मराठीत झालं, पहिली शिवी आणि पहिली कविता मराठीतच आली. मी कोणाला काय लिहा हे सांगणार नाही. जे खरं ते सांगा, आणि तीन भाषा सांगता येतात तर तिन्ही सांगा. फक्त दुसऱ्याला परस्पर लिहू देऊ नका. फॉर्मवर काय भरलं ते वाचून दाखवा म्हणा. जातीच्या रकान्यातही हेच. बागवान, अत्तार, मोमीन, पिंजारी या बिरादऱ्या महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. 'आमच्यात जात नाही' हे मशिदीच्या सफेत खरं असावं, पण शिष्यवृत्तीच्या अर्जात ते आपल्याच पोरांना महागात पडतं.

उर्दूबद्दल मात्र एक सांगायचं आहे. हैदराबाद संस्थानाचा कारभार उर्दूत चालायचा. जमिनीचे जुने कागद, इनामाचे मुंतखब, शाळेची जुनी रजिस्टरं यांत उर्दू आहे, त्याआधीच्यांत फारसी आणि मोडी आहे. २०२३ मध्ये सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली आणि कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, तेव्हा ही लिपी वाचणारा माणूस शोधायची वेळ मराठवाड्यातल्या मराठा कुटुंबांवर आली. विचार करा. ज्या भाषेला 'त्यांची' म्हणून बाजूला सारलं, तिच्यात शेजारच्या पाटलाच्या पणजोबाचं नाव आहे. आणि आपल्यातला मराठी शाळेत शिकलेला मुलगा ते नाव वाचू शकत नाही, उर्दू शाळेत शिकलेल्या मुलीला तहसीलचा मराठी अर्ज लिहिता येत नाही. दोघांनी एका टेबलावर बसायला हवं. महिन्यातून एक रविवार, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, ज्याला जुना कागद वाचून हवा त्याला मोफत वाचून द्यायचा. मशिदीत नको, ग्रामपंचायतीत. गावाचा कागद गावाच्या जागेत.

काम कसं करायचं

आता सरळ कामाचं बोलतो. एक वही घ्या आणि पाच गोष्टी लिहा.

पहिली, गल्ल्यांची आणि शेतांची नावं. मोमीनपुरा, पिंजार गल्ली, मुलाण्याचा मळा, फकिराचं तक्या. नाव राहतं, माणसं जातात. गावात एकही पिंजारी नाही आणि पिंजार गल्ली आहे, तर तिथली घरं कधी आणि कुठे गेली हे विचारा.

दुसरी, धंदे. मुलाणी हा गावगाड्यात बलुतं घेणारा होता. पिंजारी सगळ्या गावाच्या गाद्या पिंजत होता. कोणाच्या शेतातून आपल्या घरात ज्वारी येत होती, कोणाच्या लग्नात आपलं काय काम होतं, ते लिहा. मोहरमच्या सवाऱ्या कोण उचलत होतं तेही लिहा.

तिसरी, बायकांची माहेरं. गावाचा खरा नकाशा यात आहे. 'दादी, तुमचं माहेर कुठलं?' एवढा एक प्रश्न पंचवीस घरांत विचारा. बिदर, निजामाबाद, परभणी, सोलापूर अशी नावं येतील आणि आज राज्यांच्या सीमांनी तोडलेला एक जुना मुलूख कागदावर उभा राहील. पुरुषांच्या वंशावळीत हे कधीच मिळत नाही.

चौथी, कागद. १९५४ च्या सुमाराचं खासरा पत्रक, सातबारा, शाळेचा निर्गम उतारा, दर्ग्याच्या इनामाचा मुंतखब. मूळ कागद कोणाच्या हातात देऊ नका. फोटो काढा, दोन ठिकाणी ठेवा. घरातल्या सगळ्यांच्या नावांचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच आहे का तेही याच निमित्तानं बघून घ्या. शेख, शेक, शाईक यावरून पुढे काय त्रास होतो ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

पाचवी, बाहेर गेलेली माणसं. पुण्यात किती, हैदराबादेत किती, आखातात किती. जनगणना माणूस जिथे राहतो तिथे त्याला मोजते, म्हणून मी पुण्यात मोजला जाणार. पण मी गेलो का, आणि परत यायचं तर गावात काय हवं, हे फक्त गावच्या वहीत लिहिता येईल.

शेवटी एक ताकीद, आणि ही मी इंजिनिअर म्हणून देतोय. ही वही इंटरनेटवर टाकू नका. घरनिहाय धर्माची किंवा जातीची यादी तर कधीच नाही, व्हॉट्सॲपवरही नाही. १९८४ मध्ये दिल्लीत शिखांची घरं शोधायला जमावाच्या हातात मतदारयाद्या होत्या, अशा साक्षी नोंदल्या गेल्या आहेत. नांदेडमध्ये राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. यादी करणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण यादी हात बदलते. म्हणून आठवणी छापा, गल्लीची नावं छापा, धंद्यांचा इतिहास छापा. जिवंत माणसांची नावं त्यांना विचारल्याशिवाय छापू नका. कोणी 'माझं लिहू नको बाबा' म्हणाली, तर पेन खाली ठेवा.

आणि वही एकट्या मोहल्ल्याची करू नका. बौद्ध वाड्यातला एक, मराठा घरातला एक, लिंगायत घरातली एक, असे मित्र-मैत्रिणी सोबत घ्या. त्यांच्याकडेही रिकामे रकाने आहेत. दुष्काळात गेलेली माणसं, ऊसतोडीला गेलेली घरं, सावकाराकडे गेलेली जमीन, हे कोणत्या तक्त्यात आहे? 'इथे आधी कोण होतं' या प्रश्नावर गाव भांडतं. 'इथून कोण गेलं आणि का' या प्रश्नावर सगळ्या घरांकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं.

प्रगणक आपल्या दारात दहा-पंधरा मिनिटं थांबेल. त्याला अचूक उत्तरं द्या, चहा द्या, केलेली नोंद वाचून घ्या. तो गेल्यावर उरलेलं आपण लिहायचं. या शिबिरातून परत जाल तेव्हा पहिल्या आठवड्यात फक्त एक घर करा. स्वतःचं. घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईपासून सुरुवात करा.

प्रश्न असतील तर आता विचारा.